प्रौढपणींचा नवा छंद : कोरियाचें गाणें

एखाद्या गोष्टीचें वेड लागावें तें पोरवयांत; पुढें मनुष्यानें शहाणें व्हावें, अशी आपल्या समाजाची सर्वसाधारण समजूत आहे. चाळिशी गांठलेल्या गृहस्थानें अगर गृहिणीनें बागकामाचा, फार तर नाट्यगीतांचा नाद धरला तर तो शोभतो. परंतु त्याच व्यक्तीनें सोल शहरांतील सात तरुणांच्या गाण्याचा ध्यास घेतला, तर घरांतील मुलें तोंडावर हात धरून हंसतात आणि शेजारीपाजारी प्रकृतीची चौकशी करितात. असें असूनही अशीं उदाहरणें हल्लीं पुष्कळ दिसूं लागलीं आहेत. ह्या छंदांत प्रौढ मनुष्यास कोणता आनंद मिळतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें गाणें म्हणजे काय तें पाहूं. 'के-पॉप' ह्या नांवांतील 'के' हें अक्षर कोरियाचें, आणि 'पॉप' म्हणजे लोकप्रिय गीत. दक्षिण कोरियांत तयार होणारें, बहुधा चार-पांचपासून दहा-बाराजणांच्या संघानें गाइलेलें व नाचलेलें, तीन-चार मिनिटांत आटोपणारें असें हें गीत असतें. त्यांत गायन, ठेक्यावर भराभर म्हटलेलें पद्य, कवायतीसारखें एकसूत्री नृत्य, पोषाख आणि चित्रण ह्या सर्वांस सारखेंच महत्त्व आहे. आपल्याकडील संगीत नाटकाची ज्यानें केवळ तबकडी ऐकली, त्यास नाटकाचा जसा अर्धाच भाग मिळाला, तसेंच येथेंही होतें.

ह्या गाण्याचें मूळ शोधूं गेल्यास तें एका युद्धापर्यंत जातें. १९५० ते १९५३ ह्या वर्षांत कोरियांत जें युद्ध झालें, त्यानंतरही अमेरिकन सैन्याच्या छावण्या त्या देशांत राहिल्या, आणि पोट भरण्यासाठीं कोरियन गवई तेथें जाऊन अमेरिकन गाणीं गाऊं लागले. ई नान-योंग ह्या नांवाजलेल्या गायिकेचा पति युद्धांत अंतरला होता. तिनें आपल्या दोन मुली आणि भावाची एक मुलगी ह्यांचा संघ तयार केला. मुलींना इंग्रजी येत नव्हतें. ध्वनि जसे कानीं पडले तसेच घोकून त्यांनीं गाणीं पाठ केलीं. ह्याच 'किम सिस्टर्स' १९५९ सालीं अमेरिकेंतील लास व्हेगास शहरीं गेल्या, आणि पुढें तेथील दूरचित्रवाणीवर एड सलिव्हन ह्यांच्या कार्यक्रमांत अनेकवार गाइल्या. आज आपल्याकडील एखादी आई कोरियन गाण्याचे बोल देवनागरींत लिहून घेते आणि अर्थ न कळतां पाठ करिते, तेव्हां मुलांनीं हंसण्यापूर्वीं त्या तीन मुलींची आठवण करावी. एका पिढीनें पोटासाठीं जें केलें, तेंच ही आई केवळ आवडीसाठीं करीत आहे, एवढाच काय तो फरक.

सांप्रतच्या स्वरूपाचा आरंभ मात्र सामान्यतः १९९२ सालापासून धरतात. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत 'सो तैजी अँड बॉइज' ह्या तिघा तरुणांनीं दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेंत आपलें गाणें म्हटलें. परीक्षकांनीं त्यांस अगदीं कमी गुण दिले. लोकांनीं मात्र तेंच गाणें उचलून धरलें. १९९४ सालीं ह्याच संघानें देशांतील घोकंपट्टीच्या शिक्षणावर कडक टीका करणारें गाणें काढलें. (हें वाक्य मुख्याध्यापकांनीं गाळूं नये, ही नम्र विनंति.) १९९५ सालीं त्यांच्या एका गीताच्या शब्दांस सरकारी परीक्षणमंडळानें हरकत घेतली, तेव्हां त्यांनीं तें शब्दांवांचून, केवळ वाद्यांवरच प्रसिद्ध केलें. त्यांच्या चाहत्यांनीं ह्याविरुद्ध मोठा ओरडा केला, आणि १९९६ सालीं गाण्यांची पूर्वतपासणी करण्याची ती पद्धतच रद्द झाली. चाहता म्हणजे केवळ टाळ्या पिटणारा, ही कल्पना त्या देशांत तेव्हांपासूनच लटकी ठरली.

त्यानंतर कंपन्या आल्या. ई सू-मान ह्यांची एस्. एम्. कंपनी १९९५ सालीं उभी राहिली. सो तैजीच्याच संघांतील यांग ह्यॉन-सोक ह्यांनीं १९९६ सालीं वाय्. जी. काढली; आणि १९९७ सालीं पाक जिन-योंग ह्यांची जे. वाय्. पी. आली. मुलांमुलींना कोवळ्या वयांत निवडावें, वर्षानुवर्षें गायन, नृत्य व परभाषा शिकवाव्यात, आणि मग संघ करून लोकांपुढें आणावें, ही शिस्त त्यांनीं बसविली. २०१२ सालीं साय नांवाच्या स्थूल व खुशालचेंडू गायकाच्या 'गंगनम स्टाइल'नें सर्व जगाला घोडदौडीचा नाच शिकविला. यूट्यूबवर शंभर कोटि वेळां पाहिलें गेलेलें तें पहिलें चित्रण होय. पुष्कळ प्रौढांस मात्र हें दार उघडून दिलें तें बी. टी. एस. ह्या संघानें. सात तरुणांचा हा संघ जून २०१३ मध्यें एका लहानशा कंपनीनें पुढें आणला. २०१८ सालीं त्यांची ध्वनिमालिका अमेरिकेंतील बिलबोर्डच्या यादींत पहिल्या स्थानीं गेली. तो मान मिळविणारी ती पहिली कोरियन ध्वनिमालिका. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं संघाचा नायक किम नाम-जून संयुक्त राष्ट्रसंघांत तरुणांच्या विषयीं बोलला. बातम्या पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं 'हा कोण मुलगा?' असें विचारलें, आणि घरांतील कन्येला कधीं नव्हे ती व्याख्यान देण्याची संधि मिळाली.

हें व्याख्यान ऐकणें हाच प्रौढ नवशिक्याचा पहिला आनंद होय. मनुष्य एका वयानंतर ज्या कोठल्या खोलींत शिरतो, तेथें त्यास थोडेंबहुत ठाऊक असतेंच. निदान ठाऊक असल्याचें दाखवावें लागतें. कचेरींत तो हिशेब जाणतो, घरीं औषधें जाणतो, आणि लग्नकार्यांत कोणास कोणतें पान वाढावें तें जाणतो. येथें मात्र त्यास सात तोंडें एकमेकांपासून वेगळीं ओळखतां येत नाहींत. केंसांच्या रंगावरून खूण धरावी, तर पुढच्या गाण्यांत सर्वांचे रंग बदललेले! मग हळूहळू आवाज ओळखूं येतात. हा खर्जांत भराभर बोलणारा, हा वरच्या पट्टींत तरंगणारा, हा नाचतांना खांदा किंचित् उशिरां टाकणारा. ज्या दिवशीं न पाहतां केवळ स्वरावरून नांव सांगतां येतें, त्या दिवशींची धन्यता लहानपणीं पहिली सायकल न पडतां चालविल्याच्या धन्यतेहून कमी नसते. आणि परीक्षक कोण, तर आपलीच बारा वर्षांची मुलगी. ज्या घरांत ह्या वयाची मुलें वडीलधाऱ्यांशीं 'हो' आणि 'नाहीं' ह्यापलीकडे बोलत नाहींत, त्या घरांस ह्या परीक्षेचें मोल अधिक कळेल.

प्रौढास आणखी एक लाभ असा, कीं तो उशिरां येतो. जी मुलगी २०१३ पासून ऐकत आली, तिनें प्रत्येक नव्या गाण्यासाठीं महिनेच्या महिने वाट पाहिली. उशिरां आलेल्यास मात्र सारें कोठार एकदम उघडें मिळतें. तो आज २०१७ चें 'स्प्रिंग डे' ऐकतो, उद्यां मागें जाऊन २००९ चें 'जी', आणि परवां त्याहूनही जुनें असें कांहीं. कादंबरी मासिकांतून तुकड्यातुकड्यांनीं वाचणें आणि बांधलेलें पुस्तक रात्रभर जागून वाचणें, ह्यांतील भेद ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें सुख निराळें सांगावयास नको.

परंतु आमच्या मतें ह्या छंदांतील सर्वांत टिकाऊ आनंद भाषेचा आहे. कोरियन लिपि हा एक नवलाचा विषय आहे. इ. स. १४४३ मध्यें सेजोंग राजानें ती सिद्ध केली आणि १४४६ मध्यें प्रजेस दिली. कारण चिनी चित्राक्षरें शिकणें सामान्य जनांच्या आवाक्याबाहेर होतें. आज तिच्यांत मूळ अक्षरें अवघीं चोवीस आहेत, चौदा व्यंजनें आणि दहा स्वर. आपली वर्णमाला कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा उच्चारस्थानांवरून लावलेली आहे, हें शाळेंत शिकवितात. सेजोंगनें त्यापुढें एक पाऊल टाकलें. 'क'च्या अक्षराची आकृति म्हणजे कंठाकडे उचललेली जीभ. 'न'ची म्हणजे वरच्या दांतांमागें टेकलेलें जिभेचें टोंक. 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. 'स' म्हणजे दांत. आणि कंठाची खूण म्हणजे एक वाटोळें. 'क'ला एक रेघ अधिक दिली कीं 'ख'सारखा महाप्राण होतो. मराठी मनुष्यास हें तत्त्व इतक्या लवकर पटतें, कीं चार-सहा संध्याकाळीं तो दुकानाची पाटी अडखळत वाचूं लागतो. अर्थ कळत नाहीं तो नाहींच; पण वाचतां येतें! पहिल्या इयत्तेंत असतांना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानें वाचीत चालण्याचें जें सुख आपण विसरून गेलों होतों, तें चाळीस वर्षांनीं परत मिळतें.

वाक्यरचनाही परकी वाटत नाहीं. 'मी भात खातो' ह्या वाक्यांत शब्दांचा जो क्रम, तोच कोरियन भाषेंत : कर्ता, कर्म, शेवटीं क्रियापद; आणि नामांच्या पुढें आपल्या विभक्तींसारखे प्रत्यय. इंग्रजी शिकतांना वाक्य उलटें करण्याची जी यातायात पडते ती येथें पडत नाहीं. शिजविलेल्या भाताला जो शब्द आहे तो आपल्या कानांस 'बाप' असा ऐकूं येतो, त्यामुळें 'बाप खाल्ला कीं नाहीं?' असा विनोद नवशिक्यांच्या घरीं फार दिवस चालतो. 'साराम' म्हणजे माणूस आणि 'सारांग' म्हणजे प्रेम. शेवटचा अनुनासिक चुकला कीं अर्थ बदलला.

नात्यांचे शब्द तर अगदीं घरचेच. मुलगी थोरल्या भावास 'ओप्पा' म्हणते, थोरल्या बहिणीस 'ऊन्नी'. मुलगा थोरल्या भावास 'ह्यॉन्ग' आणि थोरल्या बहिणीस 'नूना'. रक्ताचें नातें नसलें तरी हेच शब्द वापरतात, जसें आपण अनोळखी माणसास दादा आणि भाजीवालीस मावशी म्हणतों. संघांतील सर्वांत धाकट्यास 'मान्ने' म्हणतात. त्याचा अर्थ इंग्रजींत सांगतांना वाक्यच रचावें लागतें, मराठींत 'शेंडेफळ' म्हटलें कीं काम झालें. थोरांशीं बोलतांना क्रियापदाचें रूप बदलावें लागतें, हें तूं, तुम्ही आणि आपण ह्यांत वाढलेल्या मनुष्यास शिकवावें लागत नाहीं.

आमच्या शाळेसारख्या मिशनरी शाळेच्या वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. सेजोंगची ही लिपि कित्येक शतकें पंडितांच्या अनादरास पात्र झाली होती. एकोणिसाव्या शतकांत जॉन रॉस ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें कोरियन साहाय्यकांच्या मदतीनें नव्या कराराचें भाषांतर केलें, तें १८८७ सालीं ह्याच लोकलिपींत पूर्ण छापून निघालें. १८८५ सालीं मेरी स्क्रँटन नांवाची अमेरिकन विधवा बाई सोलमध्यें उतरली. त्या वेळीं तिची पन्नाशी उलटली होती, आणि त्या वयांत नवी भाषा व नवी रीत शिकण्यास तिनें आरंभ केला. १८८६ सालीं तिनें मुलींची शाळा काढली. आरंभीं विद्यार्थिनी एकच. राजाकडून ह्या शाळेस 'ईहवा', म्हणजे नासपतीचा फुलोरा, असें नांव मिळालें. अशा शाळांतून आणि देवळांतून जीं उपासनागीतें शिकवीत, त्यांच्या चालींवरूनच 'छांगा' नांवाचीं नव्या वळणाचीं कोरियन गीतें निघालीं, आणि पाश्चात्य स्वरमेळाशीं त्या लोकांच्या कानांची ओळख झाली. आपल्या प्रार्थनेच्या वेळीं पेटीवर जो स्वर धरतात, त्याचा आणि ह्या झगमगीत गाण्याचा असा दूरचा सोयरसंबंध आहे.

आतां चाहत्यांच्या समुदायाविषयीं. गाणें सुरू होतांना प्रेक्षक संघांतील प्रत्येकाचें पूर्ण नांव ठराविक क्रमानें, तालांत पुकारतात, आणि मध्येंमध्यें नेमक्या जागीं नेमके शब्द टाकतात. परक्यास हा गोंगाट वाटतो. पण कोरियाची जुनी 'पान्सोरी' ऐकावी : एक गायक, एक ढोलवाला, तासन्‌तास चालणारी कथा, आणि ढोलवाला व श्रोते मध्यें उद्गार टाकून गायकास चढवितात. शाहिराच्या मागें झीलकरी 'जी जी' करितात, त्याविना पोवाडा उभा राहील काय? प्रत्येक संघाच्या चाहत्यांची स्वतःची दिवटी असते, हातांत धरावयाची, विजेवर चालणारी. तिच्या आकारावरून पंथ ओळखावा. पूर्वीं हें काम फुग्यांच्या रंगावर चालें : एच्. ओ. टी. ह्या संघाचा पांढरा, सेक्स्किस ह्या संघाचा पिवळा. गायकास हारतुरे पाठविण्याऐवजीं त्याच्या नांवानें तांदळाच्या गोणी पाठवाव्या आणि त्या गरजूंना वांटाव्या, ही पद्धतही तेथील चाहत्यांनींच रूढ केली. ज्यांना हें सर्व थिल्लर वाटतें त्यांनीं बालगंधर्वांचा काळ आठवावा. एकाच पदास किती वेळां 'वन्स मोअर' मिळे, आणि रंगभूमीवरील त्यांच्या लुगड्याची व अलंकारांची तऱ्हा घरोघरच्या स्त्रिया कशी उचलीत! आपले आजोबा-पणजोबा कांहीं निराळ्या मातीचे नव्हते.

असो. पालकांस ज्याची काळजी वाटते तेंही सांगितलें पाहिजे, आणि येथेंच प्रौढ चाहत्याची दृष्टि मुलांच्या उपयोगी पडते. ज्या शिस्तीचें वर वर्णन केलें तिची किंमत कोवळीं मुलें भरतात. २००९ सालीं एका प्रसिद्ध संघांतील तिघांनीं आपल्या तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. त्याच वर्षीं तेथील व्यापारविषयक सरकारी आयोगानें नमुन्याचा करार ठरवून त्याची मुदत सात वर्षांवर आणली. २०१४ सालच्या कायद्यानें अल्पवयीन कलावंतांच्या कामाच्या तासांस मर्यादा घातली. तरीही २०१७ आणि २०१९ सालीं कांहीं तरुण गायक-गायिकांचे जे अकालीं मृत्यु झाले, त्यांनीं सर्व देश हादरला, आणि परक्या लोकांनीं निनांवीपणें लिहिलेले विषारी शब्द एखाद्याच्या जिवास कसे लागतात, ह्याची चर्चा झाली. सुंदर नाच पाहतांना त्यामागें किती तासांची झोप गेली असेल, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलास सुचत नाहीं. त्याच्या आईला सुचतो. तिनें तो मोठ्यानें विचारावा.

दुसरी गोष्ट पैशाची. प्रत्येक ध्वनिमालिकेच्या पाकिटांत गायकाचें एक लहानसें छायाचित्र असतें, आणि तें कोणाचें निघेल हें उघडल्याशिवाय कळत नाहीं. हव्या त्या चेहऱ्यासाठीं तीच तबकडी चार-पांच वेळां विकत घेणारे लोक आहेत. कंपनीच्या दृष्टीनें ही युक्ति उत्तम असेल. आम्हांस ती जत्रेंतल्या सोडतीहून निराळी वाटत नाहीं. गाणें ऐकण्यास एक प्रत पुरते. मुलांनीं हें आईबापांस सांगावें, कारण मिळवत्या माणसाचा हात अशा वेळीं अधिक सैल सुटतो!

भारताचा ह्या क्षेत्राशीं संबंध आतां केवळ श्रोत्याचा राहिलेला नाहीं. ओडिशा राज्यांतील श्रेया लेंका ही मुलगी २०२२ सालीं 'ब्लॅकस्वान' ह्या संघांत निवडली गेली. ओडिसी नृत्य शिकलेली मुलगी सोलच्या रंगमंचावर उभी राहावी, ह्याचें कौतुक त्या भागांतील आजीआजोबांनीं केलें असेल तर त्यांत नवल नाहीं.

शेवटीं एका गाण्याची हकीकत सांगतों. 'गर्ल्स जनरेशन' ह्या नऊ मुलींच्या संघाचें पहिलें गीत २००७ सालीं निघालें. इंग्रजींत त्याचें नांव 'इन्टू द न्यू वर्ल्ड'. त्या वेळीं शाळेंत असलेल्या मुलींनीं तें मनापासून म्हटलें. २०१६ सालच्या जुलै महिन्यांत ईहवाच्या, म्हणजे मेरी स्क्रँटनच्या त्याच शाळेपासून वाढलेल्या विद्यापीठाच्या, विद्यार्थिनी प्रशासनाच्या एका निर्णयाविरुद्ध आवारांत बसल्या असतां पोलिसांची मोठी तुकडी आंत आली. तेव्हां त्यांनीं एकमेकींचे हात धरून तेंच गाणें म्हटलें. पुढें ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं राष्ट्राध्यक्षांनीं लष्करी कायदा पुकारला आणि संसदेनें तो कांहीं तासांत हाणून पाडला. त्यानंतरच्या आठवड्यांत कडाक्याच्या थंडींत हजारों लोक संसदेपुढें जमले. पूर्वींच्या आंदोलनांत मेणबत्त्या असत. ह्या वेळीं तरुण मुलींच्या हातांत आपापल्या संघांच्या दिवट्या होत्या, कां कीं वाऱ्यानें त्या विझत नाहींत. पांढरे केस झालेले जुने आंदोलक त्यांच्या शेजारीं उभे होते. त्यांना जुनीं लढ्याचीं गाणीं पाठ होतीं, हीं नवीं नव्हतीं. मग त्यांच्यासाठीं नव्या गाण्यांच्या याद्या तयार झाल्या, मुलींनीं जुनीं गाणीं शिकून घेतलीं, आणि म्हाताऱ्यांनीं नवीं. १४ डिसेंबर रोजीं संसदेंत महाभियोगाचा ठराव संमत झाल्याची बातमी बाहेर आली, तेव्हां त्या मैदानांत 'इन्टू द न्यू वर्ल्ड' लागलें, आणि साठीचे लोकही तें म्हणत होते. शब्द थोडे चुकत होते, पण कोणी हंसत नव्हतें.